तीन गुणांनी हुकणारी निपाणी–बेळगाव

टीव्हीच्या पडद्यावर सत्त्याण्णव हा आकडा आला, तसे कृष्णातनं स्टेअरिंगवरचे हात काढले, चष्मा शर्टाच्या टोकानं पुसला आणि म्हणाला, "आली बाबा गाडी बेळगावात."

स्वयंपाकघरातून यशोदाबाईंनी विचारलं, "किती?"

"सत्त्याण्णव."

"म्हंजे कालच्याएवढंच."

"परवाच्याएवढंच बी."

दुपारचा चहा झाला की कृष्णात रोज एक फेरी मारायचा. निपाणी ते बेळगाव, तवंदी घाट चढून, संकेश्वर, हत्तरगी, वंटमुरी, काकती असं करत. गाडी त्या लाकडी टेबलावरून एक इंचही हलत नसे, पण तो बसायचा सरळ, पायांत चप्पल घालून. वेगाचे गुण पूर्ण, वळणांचे पूर्ण, ब्रेकचे पूर्ण. तीन गुण जायचे ते थांब्यांवर. कंप्यूटरचे प्रवासी चढायचे, पडद्याच्या कोपऱ्यात हिरवा बाण लागायचा, म्हणजे निघा. कृष्णात निघायचा नाही. गियर टाकलेला, क्लच दाबलेला, मान किंचित डावीकडे, कान मागं. हिरवा बाण लाल व्हायचा, 'उशीर' असा शब्द यायचा, गुण कापला जायचा. मग तो स्वतःशीच कंडक्टरसारखं पुटपुटायचा, "रैट," आणि क्लच सोडायचा.

निपाणीच्या स्टँडवर दोन राज्यांच्या लाल गाड्या शेजारी शेजारी उभ्या असतात. कोल्हापूरकडच्या गाडीत दोरी असते, दोरीच्या टोकाला घंटा. बेळगावकडच्या गाडीत कंडक्टरच्या गळ्यात शिट्टी. एक शिट्टी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. कृष्णातनं बत्तीस वर्षं बेळगावकडची गाडी चालवली होती. दोन शिट्ट्या झाल्याशिवाय क्लच सोडायला त्याचा पाय तयारच होत नसे, मग समोर हिरवा बाण लागो नाहीतर दिवाळीची रोषणाई.

त्याचा जन्म निपाणीतलाच, भीमनगरातला. आई विड्या वळायची, बाप तंबाखूच्या वखारीत हमाल. सोळाव्या वर्षी तो तंबाखूच्या ट्रकवर क्लीनर म्हणून चढला आणि अठ्ठाविसाव्या वर्षी सरकारी गाडीच्या स्टेअरिंगवर बसला, तेव्हा आईनं विड्यांचं सूप बाजूला ठेवून स्टँडवर येऊन गाडीला हळदकुंकू लावलं होतं. कन्नड तो डेपोत शिकला. बोलायला आधी, लिहायला नंतर. ड्युटी संपली की ड्रायव्हरनं गाडीतला दोष वहीत लिहायचा, म्हणजे मेकॅनिक तो बघणार. 'दुसऱ्या गियरला आवाज', 'वायपर अर्ध्यात थांबतो' असलं ते कन्नड कृष्णातला इतकं पाठ झालं होतं की रिटायर झाल्यावर घरातल्या मिक्सरचा दोषसुद्धा त्यानं कन्नडमध्ये सांगितला.

रिटायर झाल्यावर पहिले काही महिने हातांना काय करावं ते कळेना. जेवताना डावा हात आपोआप गुडघ्याशेजारी जायचा आणि हवेतला गियर शोधायचा. मुलगी नीलम बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्यात डिझाइनचं काम करायची, शनिवारी संध्याकाळी घरी यायची. तिनं एका शनिवारी मित्राकडून जुनं स्टेअरिंग आणलं. गेम खेळायचं, खाली तीन पेडल असलेलं. टीव्हीला जोडून दिलं.

"हे कशाला? मी काय ल्हान हाय?" कृष्णात म्हणाला.

"आप्पा, एक फेरी मारून बघा. नको वाटलं तर परत देते."

परत द्यायची वेळ आली नाही. दोन वर्षांत कृष्णातनं ट्रक चालवले, ट्रॅक्टर चालवले, क्रिकेट खेळलं, आणि प्रत्येक गेमचं एक पान एका वहीत तयार झालं. वर गाडीचा नंबर असतो तिथं गेमचं नाव. नाव त्यानंच ठेवलेलं. खाली एका ओळीत कौतुक, आणि त्याखाली दोष. कन्नडमध्येच.

बर्फातला ट्रक: रस्ता उत्तम, गाडी त्याहून उत्तम. दोष: आठशे किलोमीटरमध्ये मागच्यानं एकदाही हॉर्न मारला नाही. ड्रायव्हरला झोप लागेल.

शेतीचा गेम: ट्रॅक्टर जिवंत वाटतो. दोष: पीक कापताना अंगाला खाज येत नाही, त्यामुळे काम केल्यासारखं वाटत नाही.

क्रिकेट: बॅटचा आवाज अगदी खरा. दोष: अंपायर कधीच चुकत नाही. मग चौकात बोलायचं कशावर?

यशोदाबाईंच्या मोबाईलवरच्या रंगीत गोळ्या जुळवायच्या गेमलाही एक पान होतं. दोष: खेळणारीची भाजी करपते.

यशोदाबाईंनी ते पान नीलमकडून वाचून घेतलं आणि तीन दिवस भाजी मुद्दाम आळणी केली.

"तुम्हाला कुठलाच गेम पुरता आवडत न्हाय व्हय आप्पा?" नीलमनं एकदा विचारलं.

"अगं, सगळेच आवडत्यात. न आवडणाऱ्या गाडीचा दोष कोण लिहीत बसतंय? ती दुसऱ्याच्या गळ्यात बांधायची." मग थोडं थांबून तो म्हणाला, "जिच्यावर जीव असतोय, तिचाच आवाज जरा बदलला की कळतंय."

त्या वहीमुळेच आदर्श घरात आला. तो सदलग्याचा, नीलमच्या शेजारच्या कारखान्यात मशीनवर कामाला. उरलेल्या वेळात तो एका बसच्या गेमसाठी रस्ते आणि गाड्या बनवून इंटरनेटवर टाकायचा, आणि त्यानं बनवलेल्या लाल गाड्या कुठकुठली पोरं फुकटात चालवायची. नीलमकडून वहीचं ऐकून एका रविवारी जेवायला आला, वही चाळली आणि म्हणाला, "आण्णा, मी निपाणी–बेळगाव करतोय. माझ्या गाडीचा बी दोष लिहा."

पुढचे सहा महिने दर रविवारी दोघं टीव्हीसमोर. हायवे आता रुंद झाला होता, जुनी वळणं पुलांखाली गेली होती. आदर्शनं विचारलं, "नवा रस्ता करू का जुना?"

"मी चालवला त्यो कर."

आणि आदर्शनं तो केला. तवंदी घाटातलं ते वळण, जिथं समोरची गाडी दिसायच्या आधी तिचा उजेड दिसतो. कणगल्याच्या अलीकडचा खड्डा, जो डांबर घातलं तरी पुढच्या पावसात त्याच जागी उगवायचा. पूर्ण रस्ता पहिल्यांदा चालवला त्या दिवशीची गोष्ट. वंटमुरीच्या चढावर जिथं तो बत्तीस वर्षं तिसरा गियर टाकायचा, तिथं पायानं क्लच दाबला, हातानं तिसरा टाकला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण रस्त्याकडं बघितलंच नव्हतं. पायाला रस्ता ओळखू आला होता.

वांधा एकच होता. थांब्यावरून निघताना 'टण टण' वाजायचं.

"हे काय वाजतंय?"

"डबल बेल, आण्णा."

"अरं शाण्या, ही कागलच्या पलीकडची घंटा. आमच्या गाडीत दोरी तरी हाय का? शिट्टी असत्या."

आदर्शनं कान पकडले. पुढच्या रविवारी इंटरनेटवरून एक शिट्टी शोधून घातली. ती ऐकून कृष्णात म्हणाला, "ही मॅच संपली म्हणत्याय. माणसं उतरून घरला जातील." मग आदर्शनं आणखी एक आणली. "ही बघा, कशी खणखणीत." ती दोनदा वाजली, आणि कृष्णातचा चेहरा एकाएकी उतरला.

"ही नको," तो म्हणाला. "ही पोलिसाची." आणि उठून अंगणात गेला.

तेव्हापासून त्या रस्त्यावर कुठलाच आवाज नव्हता. नुसता हिरवा बाण. आणि सत्त्याण्णव.

त्या सत्त्याण्णवाच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. आदर्श आला आणि पाण्याचा तांब्या खाली ठेवायच्या आत म्हणाला, "आण्णा, पुढच्या रविवारी मॅप सगळ्यांसाठी टाकतोय. संगट तुमचा एक व्हिडिओ. खरा ड्रायव्हर, खरा रस्ता, शंभरपैकी शंभर. शिट्टीचं बी जमवलंय. आमच्या गल्लीत एक रिटायर कंडक्टर हायत, भरमामामा. त्यांची शिट्टी भरून घेतो मोबाईलवर. चालंल न्हवं?"

यशोदाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. नीलमनं आदर्शला डोळ्यांनीच गप्प केलं, पण उशीर झाला होता.

भरमा आणि कृष्णात अठरा वर्षं एकाच गाडीवर होते. डेपोत एकाचं नाव घेतलं की दुसरा वळून बघायचा. भरमाची शिट्टी पितळेची, स्वतःची, कोल्हापुरातून आणलेली. ती तो दर सोमवारी चिंचेनं घासायचा. चेंगरलेल्या गाडीतून तिकिटं काढत तो मागून पुढं यायचा तेव्हा कुणाच्या पायावर पाय पडत नसे, आणि पळत येणाऱ्या माणसासाठी गाडी थांबवल्याशिवाय त्याचा एक दिवस जात नसे. त्यामुळे गाडीला उशीर व्हायचा, आणि तो उशीर कृष्णात पुढं घाटाच्या उतारावर हळूच भरून काढायचा. असं दोघांचं चाललं होतं.

तीन वर्षांपूर्वी, कृष्णातचे शेवटचे पाच दिवस उरलेले असताना, संकेश्वरच्या स्टँडवर भरमा कंट्रोलरकडं नोंद करायला उतरला. बाहेर रस्त्यावर उसाच्या गाड्यांची गर्दी झाली होती, तिथं एक ट्रॅफिक पोलीस उभा होता. त्यानं दोन शिट्ट्या मारल्या. कृष्णातनं क्लच सोडला.

गाडी हत्तरगीपर्यंत गेली. संकेश्वरला चढलेल्या एका म्हातारबानं तिकीट मागितलं तेव्हा गाडीत कंडक्टर नसल्याचं कळलं. कृष्णातनं गाडी कडेला घेतली. वीस मिनिटांनी मागून एक दुधाची गाडी आली, आणि तिच्यात कॅनवर बसलेला भरमा, तिकिटाचं मशीन छातीशी धरून. अख्खी बस हसली. भरमासुद्धा हसला. तोवर काही बिघडलं नव्हतं.

बिघडलं ते डेपोत. कृष्णातला लेखी जबाब द्यावा लागला. त्यानं लिहिलं: 'पोलिसाची शिट्टी वाहकाच्या शिट्टीसारखीच वाजली.' तो कागद सगळ्यांनी वाचला. दुसऱ्या दिवशी भरमा दिसला की ड्रायव्हर मंडळी विचारू लागली, "काय भरमाण्णा, चौकात ड्युटी लागली म्हनं?" सुपरवायझरनं दोघांना समज देऊन विषय मिटवला. भरमानं गाडी बदलून घेतली. कृष्णातच्या निरोप समारंभाला तो आला नाही, आणि त्यानंतर एक शब्द बोलला नाही.

हे सगळं यशोदाबाईंनी आदर्शला चार वाक्यांत सांगितलं. मग नवऱ्याकडं वळून म्हणाल्या, "अवो, रोज त्या थांब्यावर कान लावून बसताय. तुम्हाला शिट्टी पायजे का माणूस पायजे, ते एकदा ठरवा."

कृष्णातनं पेडल पायानं टेबलाखाली सरकवलं. मग म्हणाला, "आदर्श, गाडी काढ."

सदलग्यापर्यंत मोटारसायकलवर मागं बसून कृष्णातनं इतक्या वेळा उजवा पाय दाबला की आदर्शनं शेवटी विचारलं, "आण्णा, तुमच्या बाजूला बी ब्रेक हाय का?"

भरमा घराच्या सोप्यात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होता. त्यानं दोघांना बघितलं, एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"आदर्श," तो म्हणाला, "ह्या प्रवाशाला इचार, कुठं उतरायचंय."

"भरमा..." कृष्णात म्हणाला.

"आदर्श, प्रवाशाला सांग, कंडक्टरशी बोलायचं असंल तर सुट्टे घेऊन यावं."

भरमाची बायको नागुबाई पाणी घेऊन बाहेर आली. "बसा भावजी. ह्यांचं असंच चाललंय. सकाळपासनं कुणी मिळालं न्हवतं."

आदर्शनं घाईघाईनं सगळं सांगितलं. गेम, रस्ता, शिट्टी. भरमा ऐकत होता, शेंगा फोडायचा हात मात्र थांबला होता. तो उठला, आत गेला आणि शिट्टी घेऊन आला. पितळ लखलखत होतं.

"देतो की," तो म्हणाला. "पण आधी एक कर. माझी शिट्टी भर. शाळेतल्या पीटीच्या सरांची भर. तालमीतल्या आण्णाप्पाची भर. आणि ती इंटरनेटवरची पोलिसाची हाय न्हवं तुझ्याकडं? ती बी ठेव. चारी एकामागनं एक वाजीव. त्येनं माझी कुठली ते सांगू दे. सांगितली, तर घेऊन जा."

आदर्शनं गल्लीत एक चक्कर मारली आणि अर्ध्या तासात चारी शिट्ट्या मोबाईलमध्ये भरून आणल्या. तोवर सोप्यात शेजारची चार माणसं जमली होती. मोबाईल सुपाच्या कडेला टेकवून ठेवला. पहिली वाजली. दुसरी. तिसरी. चौथी.

"परत," कृष्णात म्हणाला.

परत वाजल्या. कृष्णातनं डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा त्याला भरमाच्या मागं उभा असलेला आदर्श दिसला. तो कान खाजवत होता, आणि खाजवताना त्याची तीन बोटं सरळ उभी होती.

कृष्णातनं ती बोटं बघितली. सोप्यातली सगळी माणसं त्याच्या तोंडाकडं बघत होती. तिसरी म्हटलं असतं तर पाच मिनिटांत चहा आला असता, शिट्टी मिळाली असती, कदाचित भरमाही हसला असता.

"न्हाय कळत," कृष्णात म्हणाला.

कुणीतरी हसलं. भरमा हसला नाही. "अठरा वर्सं," तो म्हणाला. आता तो आदर्शशी बोलत नव्हता. "अठरा वर्सं तुझ्या कानाजवळ वाजवली."

"व्हय. आणि मला ती कधीच वळखू येत न्हवती."

"काय?"

"शिट्टी शिट्टीसारखीच असत्या रं भरमा. मी तुझं दार वळखायचो. तू दार दोनदा ओढायचास. एकदा लावायला आणि एकदा लागलं का बघायला. दुसऱ्यांदा ओढलंस की गाडी जरा हलायची, माझ्या पाठीला कळायचं. मग शिट्टी वाजायची. ती वाजली नसती तरी मी निघालो असतो."

कृष्णात पुढं म्हणाला, "त्या दिवशी दार वाजलंच न्हवतं. मला ठावं होतं. नीलमचा मिसकॉल आलता. नोकरी लागली तर दोनदा देते, असं ठरलं होतं आमचं, आणि मोबाईल दोनदा वाजून थांबला होता. ती बेळगावच्या स्टँडवर थांबणार होती. माझं डोकं आधीच तिथं पोचलं होतं. त्या पोलिसानं शिट्टी मारली आणि मला ते कारणच मिळालं. जबाबात तेवढंच लिहिलं."

भरमानं शिट्टी या हातातून त्या हातात घेतली. "मग दाराचं का न्हाय लिहिलंस?"

"कसं लिहू? दार न ऐकता निघालो म्हटलं असतं तर बत्तीस वर्सांच्या नोकरीला शेवटच्या पाच दिवसांत डाग लागला असता."

"म्हणून माझ्या शिट्टीला लावलास."

"व्हय," कृष्णात म्हणाला. "लावला."

नागुबाईनं सूप उचलून बाजूला ठेवलं. भरमा रस्त्याकडं बघत होता. एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज विरेपर्यंत तो तसाच बसून होता.

"नीलमला नोकरी लागली त्याच दिवशी?" त्यानं विचारलं.

"त्याच दिवशी."

"आणि पेढा मला न्हाय."

"तू दुधाच्या गाडीत बसून आलास. म्हटलं पोट भरलं असंल."

नागुबाई आधी हसली. मग बाकीचे. भरमानं हसू दाबायला शिट्टी तोंडात धरली, आणि त्यामुळे ती अर्धवट वाजली. "शिट्टी न्हाय मिळायची," तो म्हणाला. "नुसती शिट्टी घेऊन काय करतोस? दार पायजे. रविवारी मीच येतो."

पुढच्या रविवारी भरमा इस्त्रीचा शर्ट घालून निपाणीत आला. आदर्शनं मधल्या आठवड्यात एका जुन्या गाडीचं दार भरमाच्या हातून दोनदा ओढून घेऊन तो आवाज गेममध्ये घातला होता, त्यामागं भरमाची शिट्टीही. नीलमनं मोबाईल व्हिडिओसाठी कपाटावर टेकवला. भरमाला कृष्णातच्या शेजारची खुर्ची दिली, तर तो म्हणाला, "कंडक्टर ड्रायव्हरच्या मांडीवर बसतोय व्हय?" आणि खुर्ची उचलून मागं दाराजवळ नेली.

"मामा, शिट्टी आपोआप वाजणार," आदर्श म्हणाला. "सगळी माणसं चढली की."

"आपोआप? माणूस न बघता?"

"कंप्यूटर बघतोय की."

"कंप्यूटरला गर्दीत बाई कुठली आणि बोचकं कुठलं ते कळतंय? बंद कर ती. दार राहू दे."

आदर्शनं बंद केली. भरमानं खिशातून पितळी शिट्टी काढली. स्टँडवर प्रवासी चढले, दार एकदा वाजलं, परत एकदा वाजलं, आणि दोन शिट्ट्या घरात इतक्या जोरात घुमल्या की शेजारची कोंबडी अंगणातून ओरडत गेली. कृष्णातनं क्लच सोडला.

तवंदी घाट. कणगला. कुठंही गुण गेला नव्हता. थांब्यावर बाण हिरवा झाला की त्याच क्षणी मागून दोन शिट्ट्या, आणि गाडी सुटायची. कोपऱ्यात शंभर तसेच होते. आदर्श श्वास रोखून उभा. यशोदाबाई लाटणं हातात घेऊन दारात.

संकेश्वर आलं. माणसं चढली. दार वाजलं, परत वाजलं. हिरवा बाण लागला.

शिट्टी वाजली नाही.

कृष्णातचा पाय क्लचवर होता, गियर पडलेला. त्यानं मागं बघितलं नाही. बाण हिरवाच होता अजून.

"मामा, वाजवा!" आदर्श म्हणाला.

"होल्डान, थांब," भरमा म्हणाला. "बाई येत्याय."

पडद्यावर खरंच एक बाई होती. हिरव्या लुगड्यातली, डोक्यावर पाटी, रस्त्याच्या कडेनं गाडीच्या दिशेनं चालत येणारी.

"अवो मामा, ती चढत न्हाय! तिला मी शोभेसाठी ठेवलीया. ती नुसती चालत्याय."

"हात केला तिनं."

"त्यो हात हलतोच!"

"तुला म्हायती हाय. तिला म्हायती न्हाय. गाडीकडं बघून हात करत्याय, आणि तिला सोडून जायचं?" भरमाचा आवाज चढला. "डायवर, थांबणार का जाणार?"

हिरवा बाण लुकलुकायला लागला. "थांबलोय की," कृष्णात म्हणाला.

बाण लाल झाला. एक गुण गेला. बाई शांतपणे येत होती. आणखी एक गेला. आदर्शनं डोक्याला हात लावला. यशोदाबाई म्हणाल्या, "अगं बाई, जरा पाय उचल की." आणखी एक. बाई दारापाशी आली, दाराकडं न बघता पुढं निघाली, आणि हात हलवत पडद्याच्या बाहेर गेली. तोवर चौथाही गेला होता.

यशोदाबाईंनी लाटणं खाली केलं.

"तिला हत्तरगीला जायचं नसंल," भरमा म्हणाला.

कृष्णातचे खांदे हलायला लागले. आधी आवाज नव्हता, मग आला, आणि मग त्याला इतकं हसू आलं की डोळ्यांतलं पाणी पुसायला स्टेअरिंग सोडावं लागलं. मागून दोन शिट्ट्या वाजल्या, लांब, सावकाश. त्यानं गाडी काढली.

बेळगावात पडद्यावर शहाण्णव आले.

"नेहमीपेक्षा बी एक कमी," आदर्श खिन्नपणे म्हणाला. "व्हिडिओ परत काढू या का? ती बाई काढून टाकतो."

"काढतोस कशाला? तिला चढू दे," भरमा म्हणाला. "आणि पाटी वर ठेवायला जागा कर. बरं, परतीची गाडी कितीची?"

आदर्श घुटमळला. "मामा, परतीचा रस्ता केलेला न्हाय. मॅप एका बाजूचाच हाय. बेळगावला गेलं की संपतोय."

दोघं म्हातारे त्याच्याकडं बघत राहिले.

"म्हंजे गाडी तिथंच ठेवायची?" कृष्णातनं विचारलं.

"आणि आम्ही घरला कसं यायचं?" भरमा म्हणाला. त्यानं खुर्ची दाराजवळून उचलली आणि टेबलाला लावली. "यशोदाआक्का, चहा टाका. पोरगं बसतंय आता. लिही रं. काकतीचा थांबा येताना डाव्या हाताला..."

"डाव्या कुठं? झाडाच्या पुढं," कृष्णात म्हणाला.

"झाडाच्या अलीकडं. मी उतरत होतो तिथं, तू बसलेला असायचास."